चारशे बारा की तीनशे सोळा

बुधवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी रेविन टॉरन्स पिकअपच्या बॉनेटवर कोपरं रोवून, डोळ्यांना दुर्बीण लावून नदीपलीकडची पत्र्याची शेड पाहत होती. शेडमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं. मेंढ्या कातरायचा हंगाम संपलेला, दाराला कुलूप आणि छपरावर रात्रीचं दव गोठून पांढरं झालेलं. रेविनला शेड पाहायचीच नव्हती. तिला शेडपर्यंतचं अंतर हवं होतं.

तिनं दुर्बिणीवरचं बटण दाबलं. भिंगाच्या आत लाल आकडा उमटला: ६११ मीटर.

ती दुर्बीण तिनं बॉनेटवरच्या टॉवेलवर ठेवली आणि शेजारची उचलली. ६११. मग तिसरी. ६१२.

"घ्या," ती म्हणाली. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं.

तीन दुर्बिणी एकमताने बोलल्या म्हणून एखाद्याला बरं वाटलं असतं. रेविनचा पारा आणखी चढला. या तिघींतली एक लबाड आहे, हे सिद्ध करायला ती अंधार असताना घरून निघाली होती. त्या दुर्बिणीला तिनं मनात 'जाडी' म्हणायला सुरुवात केली होती. दुसरी हिरव्या रबराची, ती हिरवी. तिसरी बारकी. गेल्या शुक्रवारी जाडी तिच्या गळ्यात होती, जाडीनं सांगितलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून तिनं गोळी घातली होती आणि गोळी दीड वीत खाली गेली होती. छातीऐवजी पुढचा पाय. त्या दिवसापासून थ्री फोर्ड्सच्या डोंगरात एक ताहर नर तीन पायांवर हिंडत होता.

रेविन एकसष्ट वर्षांची आहे. थ्री फोर्ड्स हे मेंढ्यांचं कुरण, पण वरच्या कड्यांवर ताहर चरतात. ही रानबकऱ्यांचीच जात. कुणीतरी कधीकाळी हिमालयातून इथे आणून सोडली आणि ती इथल्या गवतावर माजली. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम रेविनकडे. त्याआधी तिचे वडील सरकारी हरीणमाऱ्यांच्या पथकात होते. त्या पथकात एक कायदा होता, तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नसे. ज्याच्या गोळीनं जनावर लंगडं झालं, त्यानंच ते शोधून संपवायचं. तोवर दुसऱ्या जनावरावर बंदूक उचलायची नाही. रेविननं हा कायदा चाळीस वर्षं पाळला होता, आणि या चाळीस वर्षांत तो पाळण्याची वेळ तिच्यावर फारशी आली नव्हती. म्हणून शुक्रवार रात्रीपासून तिला धड झोप नव्हती, आणि झोप नसली की ती कुणाशीच धड बोलत नसे.

सगळ्याची सुरुवात तिचं जुनं यंत्र नदीत पडलं तिथून झाली. जुनी व्यवस्था साधी होती. गळ्यात वडिलांच्या वेळची दुर्बीण आणि खिशात अंतर मोजायचं मुठीएवढं यंत्र. आधी दुर्बिणीतून जनावर शोधायचं, मग यंत्र काढून अंतर घ्यायचं. त्या खटाटोपात जनावर दोनदा हलायचं, पण रेविनला त्याची सवय होती. एप्रिलमध्ये पात्र ओलांडताना ते यंत्र वाहून गेलं. फेअरलीतला दुकानदार सेल्विन बॅग्री म्हणाला की आता तसली यंत्रं म्हाताऱ्यांकडेच उरलीत, दुर्बिणीतच अंतर दिसतं.

"मी म्हातारीच आहे," रेविन म्हणाली होती.

"शाळेत तू माझ्या एक वर्ग मागे होतीस. तेव्हा जरा सांभाळून बोल." सेल्विननं काउंटरवर जाडी ठेवली. "हिच्यात दोन हजार मीटरपर्यंत दिसतं."

"दोन हजार मीटरवर माझं काय आहे? माहेर?"

"अगं, असू दे की. लागलं तर."

"सेल्विन, चारशेच्या पुढे मी गोळी घालत नाही. वाऱ्याला तेवढा वेळ द्यायचाच नाही. मला चारशेचं नीट सांगणारी दे."

"दोन हजारांचं सांगते ती चारशेचं सांगणार नाही का?"

तिनं जाडी आठवडाभर वापरून बघायला नेली. सोबत एक पुस्तिका होती. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी आणि भाषा एकवीस. त्याशिवाय दुर्बिणीला फोन जोडायचा होता. रेविननं फोन जोडायचा प्रयत्न केला, तर फोननं तिचा ईमेल मागितला, मग जन्मतारीख, मग परवलीचा शब्द, मग तो शब्द फार सोपा असल्याची तक्रार केली. तिनं फोन पिठाच्या डब्यावर ठेवून दिला आणि पुस्तिका ड्रॉवरमध्ये टाकली. बटण दाबलं की आकडा येतो, एवढं तिला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं वाटलं होतं.

शनिवारी ती दुर्बीण परत घेऊन दुकानात शिरली तेव्हा आत दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही काही न घेता बाहेर पडली.

"ही खोटं बोलते," रेविन म्हणाली.

"दुर्बीण?"

"नाही, तुझी बायको. दुर्बीणच, सेल्विन! माझं जनावर तीन पायांवर फिरतंय."

सेल्विननं जाडी हातात घेऊन दुकानाच्या खिडकीतून चर्चच्या मनोऱ्यावर रोखली. आकडा बरोबर होता. तसं त्यानं सांगितलं. त्यावर रेविन जे बोलली ते इथे देण्यात अर्थ नाही. शेवटी सेल्विननं शोकेसमधून हिरवी आणि बारकी काढून तिच्यापुढे सरकवल्या. "तिन्ही ने. एकमेकींशी भांडायला लाव. जी जिंकेल ती घे, आणि मला मोकळं कर."

तर बुधवारी सकाळी तिघी भांडल्याच नाहीत.

साडेआठच्या सुमारास कुरणाचा व्यवस्थापक तामाती पाराटा दुचाकीवरून आला. वय पस्तीस, डोक्यावर लोकरी टोपी. चहाचा थर्मास आणि फडक्यात बांधलेले चीज रोल त्यानं बॉनेटवर ठेवले आणि दुर्बिणींची रांग पाहून म्हणाला, "मावशी, दुकान टाकलंस का काय?"

"वर तो कुठे दिसला का?"

"दिसला. पहाटे मिझरी घळीच्या पलीकडच्या तोंडावर होता. काळ्या कड्याखालच्या पट्टीवर बसलाय. उठायला त्याला वेळ लागतो." तो थोडा थांबला. "मावशी, एक सांगू? मालक म्हणतात आजचा दिवस बघू. नाहीतर वरून टिपायला हेलिकॉप्टरवाल्याला सांगू या."

"मालकांना म्हणावं, हेलिकॉप्टर पर्यटकांना दाखवा."

"मी नाही म्हणणार. तू म्हण."

दोघं पिकअपनं वर गेले. घळीच्या अलीकडच्या काठापर्यंत रस्ता जातो, त्यापुढे घळ सरळ खाली तुटते. काळ्या कड्याखालच्या पट्टीवर बसलेल्या जनावराच्या आणखी जवळ जायची सोय नाही. घळीत उतरलं तर ते दिसत नाही, पलीकडून चढलं तर त्याला चाहूल लागते आणि ते वरच्या वर खिंडीकडे पळतं. गोळी घालायची तर अलीकडच्या काठावरूनच, आणि तीही वर चढती.

पावणेदहाला रेविन काठावर पालथी पडली. रायफल पिशवीच्या टेकूवर. नर जागेवर होता. उन्हात त्याची आयाळ मातट सोनेरी दिसत होती. पुढचा उजवा पाय त्यानं अंगाखाली घेतला नव्हता, तो बाहेर, बाजूला पडल्यासारखा होता. बराच वेळ ती दुर्बिणीतून तो पाय पाहत राहिली.

"किती असेल?" तामातीनं हळूच विचारलं.

"चारशे. वर दहा-पंधरा."

"मग घाल की."

"तसंच शुक्रवारी घातलं असतं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. शुक्रवारी तिच्या डोळ्याला अंतर चारशेच्या जरासं आत दिसलं होतं आणि जाडीनं सांगितलं होतं २९८. चाळीस वर्षांत तिचा डोळा शंभर मीटरनी कधी चुकला नव्हता. पण वर्षभरापूर्वी डॉक्टरनं तिला मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं होतं, आणि भिंगातला लाल आकडा फार ठाम दिसत होता. डोळे थकले असतील, असं म्हणून तिनं यंत्राचं ऐकलं होतं.

आता तिनं आधी हिरवी लावली. नराच्या छातीवर टिंब धरलं, बटण दाबलं. ४१२.

"बघ!" ती म्हणाली. "चारशे बारा."

मग जाडी. ३१६.

"बघ, बघ! पकडली की नाही? शंभर मीटर खाल्ले!"

मग बारकी. ३१६.

तामातीनं बारकी तिच्या हातातून घेतली, स्वतः रोखली. "तीनशे सोळाच सांगतेय, मावशी."

"मग हीसुद्धा बिघडलेली."

"दोघी बरोब्बर सारख्याच बिघडल्या?"

"गवतावर धरली असशील. समोरच्या गवताचं अंतर घेतलंस."

"गवत वीस मीटरवर आहे. गवताचं तीनशे सोळा कसं येईल?" तामातीनं पुन्हा बटण दाबलं. "आणि खाली सपाटीवर तिघींचं जमत होतं म्हणतेस ना? इथे वर आल्यावरच दोघींना काय झालं? थंडी?"

"मला काय विचारतोस? सेल्विनला विचार. पिकअपच्या किमतीच्या दुर्बिणी विकतो, एकही सरळ नाही!"

"हळू बोल. ऐकेल तो."

नरानं कान हलवला होता. दोघं गप्प झाले. मग पुन्हा कुजबूज सुरू झाली, आणि कुजबुजीतसुद्धा रेविनचा आवाज चढत होता. तामातीचं म्हणणं होतं की दोघी एक सांगतात तर खोटी ती तिसरी असणार. रेविनचं म्हणणं होतं की ती स्वतः चारशे म्हणते, म्हणजे दोन विरुद्ध दोन झाले, आणि तिचं मत दोन यंत्रांच्या वरचढ आहे. तामाती म्हणाला, शुक्रवारी नव्हतं वरचढ. हे सगळं होईपर्यंत चांगली दहा-बारा मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात वरच्या खिंडीतून पांढरा ढग हळूच अलीकडे घसरू लागला होता. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"ठीक आहे. हिरवी," रेविन शेवटी म्हणाली. "चारशे बारा. ठरलं."

रायफलच्या दस्त्यावर तिनं चिकटपट्टीनं एक छोटा तक्ता लावलेला आहे. वर किंवा खाली तिरपी गोळी घालताना सरळ अंतर जसंच्या तसं धरायचं नसतं, कारण उतार जितका तीव्र, गोळी वाटेत तितकी कमी पडते. म्हणून उताराप्रमाणे अंतरातला काही भाग कापायचा आणि उरलेल्या आकड्यावर नेम लावायचा. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. तिचं जुनं यंत्रही फक्त सरळ अंतर दाखवायचं, आणि कापायचं काम तक्त्याचं. हा हिशोब तिच्या हाताला इतका सवयीचा होता की तो करताना ती विचारही करत नसे.

तिनं उतार पाहिला. चाळीस अंश. तक्त्यावर बोट ठेवलं. चारशे बाराचे कापून उरले तीनशे सोळा.

बोट तिथेच थांबलं.

तामातीनं आधी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग हातातल्या बारकीकडे. त्याला कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे या दोघी कापूनच सांगतात?"

रेविनचं बोट तक्त्यावरच्या तीनशेच्या ओळीकडे सरकलं.

"आणि शुक्रवारी जाडीनं कापून दिलं, त्यातून तू परत कापलंस?"

"गप्प बस, तामाती."

"मी काही म्हणत नाहीये. मी फक्त..."

"कळलंय मला. गप्प बस."

तिनं रायफलवरच्या दुर्बिणीचं चाक तीनशे सोळावर फिरवलं. गाल दस्त्याला टेकवला. श्वास सोडला. पट्टीचं डावं टोक दिसेनासं झालं, मग मधला खडक, मग नर. ढग कापडासारखा कड्यावरून खाली उतरला आणि घळीत भरला. तिनं हिरवी लावून बटण दाबलं, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. आकड्याच्या जागी चार आडव्या रेघा. लेझर ढगातून जात नाही. हे मात्र तिला पुस्तिका न वाचताही माहीत होतं.

ते दीड तास थांबले. चहा संपला. चीज रोल तामातीनं एकट्यानं खाल्ले. साडेअकराला ढग आणखी खाली आला तेव्हा रेविन उठली आणि गुडघ्यांवरची माती न झटकता गाडीत जाऊन बसली. तामाती म्हणाला, तो काठावरच थांबतो, ढग वर गेला तर फोन करतो.

फेअरलीच्या दुकानात ती अडीचला पोचली. सेल्विननं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. तिनं काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. सांगताना ती शोकेसमधल्या चाकूंकडे पाहत होती.

"चौथं पान," सेल्विन म्हणाला.

"काय?"

"पुस्तिकेचं चौथं पान. सरळ अंतर हवं की उतार कापून हवं, ते बटण धरून ठेवलं की बदलतं. कारखान्यातून त्या कापून सांगायलाच लावलेल्या येतात. हिरवीचं आधीच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकानं बदललं असणार." मग त्याला राहवलं नाही. "रेविन, एकवीस भाषांत लिहिलंय गं."

"तू सांगायला हवं होतंस."

"तू विचारायला हवं होतंस. तू तर मला दोन हजार मीटरवर माहेर दाखवत होतीस."

ती हसली नाही, पण बाहेरही पडली नाही. तिनं हातमोजे चढवले आणि तिन्ही दुर्बिणी एकेक करून पुन्हा हाताळल्या. आता ती ज्या गोष्टी पाहत होती त्या पहिल्या दिवशीच पाहायला हव्या होत्या. जाडीचं भिंग सर्वांत स्वच्छ, पण चढावर तासभर गळ्यात ठेवली की मान भरून येते. बारकी हलकी, पण हातमोज्यातून तिचं बटण सापडत नाही, आणि तिचा आकडा इतका झगझगीत की संध्याकाळच्या उजेडात त्यामागचं जनावर दिसत नाही. हिरवीचा आकडा मंद करता येतो. बटण उठावदार, हातमोज्यातूनही सापडतं. किरण बारीक, त्यामुळे पुढच्या गवतावर न अडता जनावरापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त.

"हिरवी," ती म्हणाली. "आणि सरळ अंतरावरच ठेव."

"कापून देते तर घे ना. तक्त्याची कटकट वाचेल."

"सरळ अंतर माझा डोळा तपासू शकतो. कापलेला आकडा खरा की खोटा, मला कळणार कसं? शुक्रवारी कळलं नाही."

सेल्विननं खोकं शोधायला घेतलं.

तेवढ्यात तामातीचा फोन आला. वाऱ्याच्या घोंघाटात त्याचा आवाज तुटत होता. "मावशी, तीनला ढग फाटला थोडा वेळ. तो पट्टीवर नाही. खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेला. मी शेवटचा बघितला तेव्हा खिंडीच्या अगदी माथ्यावर होता."

"तीन पायांवर?"

"तीन पायांवर."

पलीकडच्या खोऱ्यात गाडी जात नाही. पायी साडेचार तास, तेही कोरड्या हवेत. रेविननं हवामान विचारलं. तामाती म्हणाला, उद्या दहापर्यंत स्वच्छ, मग वायव्येचा वारा आणि ढग, आणि शुक्रवारपासून तीन दिवस बर्फ. पहाटे निघाली तरी ती पोचेपर्यंत दहा वाजून गेले असते.

"हेलिकॉप्टरवाल्याला सांग," रेविन म्हणाली.

"नक्की? तुमचा तो कायदा..."

"कायदा माझ्या बापाचा होता. पाय त्या जनावराचा आहे. आज ते समोर बसलं होतं आणि मी तुझ्याशी भांडत बसले. सांग त्याला."

"आणि तू?"

"मागच्या सीटवर बसते. त्या खोऱ्यात तो कुठे बसेल ते मला माहीत आहे, त्यांना नाही. मी दाखवते, गोळी त्यांचा माणूस घालेल."

"मालकांना काय सांगू? दुर्बिणीनं घोटाळा केला म्हणून?"

"मी दोनदा कापलं म्हणून सांग. आणि तूच सांग, मी सांगायला गेले तर भांडण होईल."

तिनं फोन ठेवला. सेल्विन खोक्यात हिरवी बसवत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "हेलिकॉप्टरवाले तीस मीटरवरून मारतात," तो म्हणाला. "उद्या तुला अंतर लागणारच नाही."

"माहीत आहे मला, सेल्विन."

"नाही, मी म्हटलं, घाई नसेल तर..."

"बांध ती."

त्यानं बांधली. पुस्तिका त्यानं खोक्यात तळाशी न घालता वर ठेवली. तिनं ती पाहिली आणि खोकं काखेत मारून बाहेर पडली. पिकअपमध्ये बसल्यावर तिनं तामातीचा संदेश वाचला. वैमानिकानं होकार दिला होता. उद्या गुरुवारी सूर्योदय सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आहे. हेलिकॉप्टर आठ वाजता थ्री फोर्ड्सच्या लोखंडी फाटकापाशी उतरेल.